तिखट मोदक

गेल्या वर्षी गणेश चतुर्थीला वहिनींनी नैवेद्याचे एकवीस मोदक केले आणि बाविसावा वेगळा वळला. ओळखू यावा म्हणून त्याच्या नाकावर एक लवंग टोचली होती. पानं वाढली, वरून साजूक तूप फिरलं आणि लवंगेचा मोदक दादाच्या पानात पडला. दादानं तो फोडला. आत नारळ-गूळ नव्हता. मटार, आलं, मिरची असं सारण होतं. माझा दादा म्हणजे सदाशिव पेठेतल्या त्या अख्ख्या गल्लीतला सर्वांत बोलका माणूस. बँकेतून निवृत्त होऊन दहा-अकरा वर्षं झाली, पण अजून रस्त्यात भेटलेल्याला तो कर्जाचे नियम सांगतो. त्या दिवशी त्यानं मोदकाकडे पाहिलं, वहिनींकडे पाहिलं आणि काहीही न बोलता खाऊन टाकला.

मला पुढचा घास जाईना. त्या मोदकाचं सारण वहिनींनी केलं असलं तरी कृती माझी होती.

मी अठ्ठावीस वर्षं पुण्यात एका महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवलं. दर वर्षी ऑगस्टच्या सुमारास ग्लायकोलिसिस यायचं, म्हणजे पेशी साखर कशी फोडते ते. ग्लुकोजपासून पायरुव्हेटपर्यंत दहा पायऱ्या, प्रत्येक पायरीवर एक एन्झाइम, ती पायरी घडवून आणणारं प्रथिन. पाठ्यपुस्तकातला शब्द 'विकर', पण तो मी कधी वापरला नाही. विकार आणि विकर यांत मुलं गोंधळ घालायची. खडूनं दहा बाण काढायचे, डावीकडे रेणू, उजवीकडे एन्झाइमचं नाव. मुलं पाठ करायची, परीक्षेत लिहायची, विसरायची. खरं सांगायचं तर मीही ते एखाद्या स्तोत्रासारखंच म्हणत आले होते. अर्थ माहीत होता, पण तो कुणाच्या अंगावर उमटलेला पाहिला नव्हता.

त्या वर्षी जूनमध्ये दादाच्या मानेत डाव्या बाजूला गाठ आली. बायोप्सी झाली, नाव कळलं: डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा, पांढऱ्या पेशींचा एक कॅन्सर. रक्ताच्या रिपोर्टात सगळे आकडे सरळ होते, एकच ठळक छापलेला. एलडीएच, सहाशेच्या वर. लॅक्टेट डिहायड्रोजनेज! माझ्या फळ्यावर दहा पायऱ्या संपल्या की खाली एक आडवा बाण असायचा, पायरुव्हेटचं लॅक्टेट करणारा, त्या बाणाचं एन्झाइम. पेशी जोरानं वाढतात, फुटतात, मरतात, तेव्हा ते रक्तात सांडतं. लिम्फोमा किती आक्रमक आहे याचा अंदाज बांधताना डॉक्टर वयाबरोबर हा आकडाही धरतात. अठ्ठावीस वर्षांच्या ओळखीचा माणूस अचानक पोलीस ठाण्यात, समोरच्या बाकावर बसलेला दिसावा, तसं मला झालं.

मग पेट स्कॅन. त्याची तयारी काय, ते कसं चालतं, हे घरच्यांना समजावून सांगायची हौस मला आली. भीती वाटत असली की मी शिकवायला लागते. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी लिहिलं: 'कॅन्सरच्या पेशी भराभर साखर खातात, म्हणून त्या स्कॅनमध्ये चमकतात.'

वाक्यात खोटं काहीच नाही. आजही मी ते खोडणार नाही. पण त्याच संध्याकाळी वहिनींनी साखरेचा डबा माळ्यावर टाकला. दुसऱ्या दिवशी गूळ गेला, मग आंबे, मग भात. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात अमृततुल्यच्या दुकानात 'जरा गोड टाका' म्हटल्याशिवाय कप हातात घेतला नाही, तो बिनसाखरेचा चहा औषधासारखा एका दमात पिऊन टाकू लागला. वहिनींचं गणित सरळ होतं: कॅन्सर साखर खातो ना, मग घरात साखरच नको.

त्या वाक्यामागचं सगळं मी तेव्हाच सांगायला हवं होतं. ते असं.

पेट स्कॅनसाठी शिरेतून जे टोचतात, ते एफडीजी. ग्लुकोजच्याच घडणीचा रेणू, फक्त एका जागी किरणोत्सारी फ्लोरिन बसवलेला. या फ्लोरिनचं अर्धं आयुष्य जेमतेम ११० मिनिटं, तेवढ्यात तो निम्मा विझतो, म्हणून सगळी घाई. पेशीच्या दारावरचे वाहक त्याला ग्लुकोज समजून आत घेतात. आत पहिल्या पायरीवर हेक्झोकायनेज उभं असतं. त्याचं काम आलेल्या ग्लुकोजवर फॉस्फेटचा शिक्का मारणं; शिक्का बसला की रेणूला पेशीबाहेर पडता येत नाही. हेक्झोकायनेज एफडीजीवरही शिक्का मारतं. पण दुसऱ्या पायरीवरचं एन्झाइम त्याला ओळखत नाही. झालं, पुढेही जाता येत नाही, मागेही नाही. असे अडकलेले रेणू जिथे दाटतात तिथे पडद्यावर उजेड पडतो. म्हणजे स्कॅनमध्ये दिसते ती गाठ नव्हेच. दिसतो तो एका एन्झाइमच्या कामाचा झपाटा. दादाच्या मानेतल्या उजेडाचा आकडा 'एसयूव्ही १९' असा होता. पुतण्या म्हणाला, "आत्या, पार्किंगला जागा आहे का बघ." त्या दिवसांत आम्ही असल्या विनोदांवरही हसत होतो.

(याच रेणूची किरणोत्सार नसलेली सख्खी बहीण म्हणजे २-डीजी. मे २०२१ मध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, डीआरडीओच्या ज्या पुड्यांसाठी लोकांनी औषधांची दुकानं पालथी घातली, तीच ही. डीआरडीओच्या प्रयोगशाळेत तिच्यावरचं मूळ काम मेंदूतल्या गाठींसाठी चाललेलं होतं.)

गाठी साखर खातात, हा शोध शंभर वर्षं जुना आहे. बर्लिनच्या ओटो वॉरबर्गनं आधी समुद्री अर्चिन या काटेरी प्राण्याची अंडी अभ्यासली होती. अंडं फळलं की ते ऑक्सिजन सपाटून ओढायला लागतं, हे त्याला दिसलं होतं. गाठीही भराभर वाढतात, म्हणजे त्याही ऑक्सिजन ओढत असणार, असा त्याचा होरा. १९२३ च्या सुमारास त्यानं उंदरांच्या गाठींचे पातळ काप वायूचा दाब मोजणाऱ्या काचेच्या मॅनोमीटरमध्ये ठेवले आणि होरा चुकला. ऑक्सिजनची ओढ विशेष नव्हतीच. काप ग्लुकोज मात्र गटागटा घेत होते आणि त्याचं लॅक्टिक आम्ल, म्हणजे माझ्या फळ्यावरचं लॅक्टेट, करून बाहेर टाकत होते. शेजारी ऑक्सिजन मुबलक असताना! धावताना पोटरीचे स्नायू असं करतात, कारण तेव्हा ऑक्सिजन पुरत नाही. या पेशींना काय धाड भरली होती?

हिशोब तर अगदीच आतबट्ट्याचा. एक ग्लुकोज तंतुकणिकांत (मायटोकाँड्रियात, पेशीच्या भट्टीत) नेऊन पूर्ण जाळलं तर पेशीला तिसेक एटीपी, म्हणजे ऊर्जेची नाणी, मिळतात. लॅक्टिक आम्लावर थांबवलं तर दोन. बँकेतल्या माणसाला हे सांगून बघा. दादा म्हणाला, "असं कर्ज मी मंजूरच केलं नसतं."

वॉरबर्गनं निष्कर्ष काढला की या पेशींच्या तंतुकणिका बिघडल्या असणार, आणि तोच कॅन्सरचा उगम. १९३१ चं नोबेल त्याला श्वसनाच्या एन्झाइमवरच्या कामासाठी मिळालं, पण कॅन्सरबद्दलचं आपलं मत त्यानं १९७० मध्ये मरेपर्यंत सोडलं नाही. निरीक्षण पक्कं, अर्थ चुकीचा. बहुतेक गाठींच्या तंतुकणिका धडधाकट असतात, हे नंतर कळत गेलं. मला वॉरबर्गबद्दल हल्ली फार आपुलकी वाटते. एका खऱ्या वाक्यावरून चुकीच्या गावाला जाणारी मी एकटी नाही.

मग पेशी असं करते का? २००९ च्या सुमारास वँडर हायडन, कँटली आणि थॉम्पसन यांनी जे उत्तर मांडलं, ते मला पटतं. त्या पेशीला भूक ऊर्जेची नाहीच मुळी. तिला एकीच्या दोन पेशी करायच्या आहेत. त्यासाठी नवं डीएनए लागतं, नवी आवरणं लागतात, प्रथिनं लागतात. ग्लुकोज पूर्ण जाळून टाकलं तर धूर निघून जातो, हाती वीट उरत नाही. दहा पायऱ्यांच्या वाटेवरच मधे-मधे फाटे आहेत. एका फाट्यावर ग्लुकोजपासून डीएनएला लागणारी रायबोज साखर बनते, दुसऱ्यावर प्रथिनांना लागणारं सेरिन हे अमिनो आम्ल, आणखी पुढे गेलं की चरबीची सामग्री. म्हणजे ती उधळी नाही, तिचं बांधकाम चालू आहे.

आणि हे फाटे वाहते ठेवायचे कसे, तर शेवटच्या पायरीवर. तिथलं एन्झाइम पायरुव्हेट कायनेज. एकाच जनुकापासून त्याचे दोन अवतार बनतात, एम-१ आणि एम-२. प्रौढ स्नायूंत चपळ एम-१. गर्भात आणि बऱ्याच गाठींत एम-२, ज्याची चाल हवी तेव्हा मंद करता येते. पुण्यातल्या माणसाला हे समजवायला फळा लागत नाही. अलका टॉकीजच्या चौकात सिग्नल रेंगाळला की मागच्या दुचाकी काय करतात? नव्या पेठेच्या, सदाशिव पेठेच्या गल्ल्यांत झिरपतात. मुख्य रस्ता तुंबला की बोळ वाहायला लागतात. गाठीला बोळच वाहायला हवे असतात. (फुटपाथवरूनही काही जातात, पण त्यांना जीवरसायनशास्त्रात जागा नाही.)

२००८ मध्ये गाठीच्या पेशींतलं एम-२ काढून एम-१ बसवलं, तर उंदरांत गाठी नीट वाढेनात. वाटलं, सापडली कळ. पण २०१३ मध्ये उंदरांच्या स्तनातल्या गाठींतून एम-२ मुळापासून काढलं, तर त्या थांबल्या नाहीतच, उलट जोमानं वाढल्या. एक सिग्नल बंद केला तर या गाड्या दुसरी वाट काढतात. इथवर आल्यावर वर्गात मी घड्याळाकडे बघायचे. दादाच्या घरात घड्याळाकडे बघून सुटका नव्हती.

चौथ्या केमोच्या वेळी वजन केलं. पावणेसात किलो उतरलं होतं. मांड्या लुगड्याच्या पिळ्यासारख्या झालेल्या. आहारतज्ज्ञ बाईंनी विचारलं, काय खातात? वहिनींनी अभिमानानं यादी सांगितली, आणि शेवटी माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "आमच्या वन्सं याच विषयाच्या प्राध्यापक आहेत." त्या बाई माझ्याकडे ज्या नजरेनं पाहत राहिल्या, ती मी कॉपी करणाऱ्या मुलांकडे टाकत असे.

त्या काय म्हणणार ते मला पाठ होतं. वर्गात तेही मीच शिकवलेलं होतं. १९२५ मध्ये गर्टी आणि कार्ल कोरी या जोडप्यानं एका पंखात गाठ असलेल्या कोंबडीच्या दोन्ही पंखांतलं रक्त तपासलं. गाठीच्या बाजूनं येणाऱ्या रक्तात ग्लुकोज कमी, लॅक्टिक आम्ल जास्त. जिवंत प्राण्यातला वॉरबर्गचा पुरावाच तो. पण त्याच कोरींच्या नावानं एक चक्र आहे: स्नायूंनी टाकलेलं लॅक्टिक आम्ल यकृत उचलतं आणि त्याचं पुन्हा ग्लुकोज करतं. गाठीनं टाकलेलंही उचलतं. गाठीला एका ग्लुकोजमधून दोन एटीपी मिळतात. तेच ग्लुकोज परत घडवायला यकृताला सहा मोजावे लागतात. खाणारा एक, भरणारा दुसरा. आणि माणूस खातच नसेल, तर यकृत स्नायू वितळवून त्यातल्या अमिनो आम्लांपासून ग्लुकोज बनवतं, कारण मेंदूसाठी रक्तातली साखर एका पातळीखाली जाऊ देणं त्याला परवडत नाही. त्या साखरेवर 'फक्त मेंदूसाठी' अशी पाटी नसते. गाठही तीच उचलते.

म्हणजे माळ्यावरचा डबा मानेतल्या गाठीपासून लांब होता, पण मांडीपासून लांब नव्हता. वहिनींनी बंद केलेली साखर दादाच्या मांड्यांतून निघत होती.

परतताना रिक्षात मी वहिनींना हे सांगायला घेतलं. टिळक रस्त्यावर रिक्षा खड्ड्यांतून उसळत होती, दादा मधे डोळे मिटून बसला होता. ऐकून घेतल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "वन्सं, तुम्हीच ना म्हणालात, साखर खातो म्हणून." मी म्हटलं, "हो वहिनी, मीच." पुढे काय बोलायचं ते अठ्ठावीस वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं.

त्यांचा राग मला आला नाही, येण्यासारखं काही नव्हतंच. केमो डॉक्टर देणार, रिपोर्ट मशिन देणार, वाचून मी सांगणार. त्यांच्या हातात उरतो फक्त डबा. शिवाय गाठीला उपाशी मारायची कल्पना वेडगळही नाही, आणि हे मला त्यांना आवर्जून सांगावंसं वाटलं. १९५३ मध्ये किड नावाच्या शास्त्रज्ञाला दिसलं की गिनीपिगच्या रक्तातला द्रव टोचला की उंदरांतले लिम्फोमा विरघळतात. कशामुळे, ते १९६१ मध्ये कळलं. त्या द्रवात अॅस्पॅराजिनेज नावाचं एन्झाइम असतं आणि ते अॅस्पॅराजिन हे अमिनो आम्ल फोडून टाकतं. आपल्या बहुतेक पेशी अॅस्पॅराजिन घरीच बनवतात. लहान मुलांत जो तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया होतो, त्याच्या पेशींना ते पुरेसं बनवता येत नाही. त्या रक्तातलं उसनं घेऊन जगतात. रक्तातलंच संपवलं की त्या मरतात. जिवाणूंपासून काढलेलं हे एन्झाइम आजही त्या मुलांच्या उपचारात वापरतात. म्हणजे इथे एन्झाइम गुन्हेगार नव्हे, औषध आहे. पण त्यासाठी मुलाचं जेवण तोडत नाहीत. रक्तातून एकच नेमका घटक काढतात, आणि मुलाला जेवा म्हणतात.

त्याच्याही आधीची गोष्ट आपल्याकडच्या माणसाची. आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. १९२९ मध्ये फिस्के नावाच्या शास्त्रज्ञाबरोबर त्यांनी स्नायूंतून एटीपी वेगळं काढलं. म्हणजे ज्या दोन आणि तीसच्या गोष्टी मी वर केल्या, ते नाणंच त्यांनी शोधलेलं. पुढे औषध कंपनीत त्यांच्या चमूनं फोलिक आम्लाची तोतया रूपं बनवली. बोस्टनमध्ये सिडनी फार्बरनं आधी ल्युकेमियाच्या मुलांना फोलिक आम्ल देऊन पाहिलं होतं आणि आजार बळावतोय असं त्याला वाटलं. मग त्यानं सुब्बारावांचं तोतया, अमिनोप्टेरिन, दिलं आणि १९४८ मध्ये जाहीर केलं की काही मुलांचा आजार काही काळ मागे हटतो. डीएनएची वीट भाजणारं एक एन्झाइम तोतयाला धरून बसतं आणि भट्टी थंडावते. सुब्बाराव त्याच वर्षी वारले. त्याच घराण्यातलं मेथोट्रेक्सेट आजही रोज दिलं जातं. मी वर्गात त्यांचं नाव घेतलं की मुलं विचारायची, परीक्षेला आहे का?

आणि अलीकडचं एक, कारण ते मला थक्क करतं. २००८ मध्ये मेंदूच्या काही गाठींत आयडीएच-१ या एन्झाइमच्या जनुकात एकच अक्षर बदललेलं सापडलं. असं बिघडलेलं एन्झाइम बंद पडत नाही, ते भलतंच काम करायला लागतं. २-हायड्रॉक्सिग्लुटरेट नावाचा रेणू ओतत बसतं, आणि तो डीएनएवरच्या खुणा पुसणाऱ्या एन्झाइमांना अडवतो. मग पेशी कोण व्हायचं तेच विसरते. २०२४ मध्ये अमेरिकेत अशा हळू वाढणाऱ्या गाठींसाठी त्या एन्झाइमला रोखणारी गोळी मंजूर झाली. चयापचय म्हणजे पेशीची चूल, असं मी शिकवत होते. चुलीजवळच घराचे निर्णयही होतात, हे आपल्या बायकांना वेगळं सांगायला नको. मलाच कळायला निवृत्ती यावी लागली.

डबा माळ्यावरून खाली आला. एकदम नाही, आधी वरणभात आला, मग शिरा, मग रोज दुपारी खजूर-दुधाचा पेला. सहा केमो झाल्या. त्यांतलं एक औषध, व्हिन्क्रिस्टिन, सदाफुलीपासून काढतात हे कळल्यापासून वहिनी गच्चीवरच्या कुंडीला न चुकता पाणी घालतात. दादाचे केस गेले, परत आले. वजन चार किलो परत आलं.

शेवटचा स्कॅन मार्गशीर्षातल्या थंडीत होता. सहा तास उपाशी, बोटातून साखर तपासणी, मग इंजेक्शन आणि अंधुक खोलीत तासभर पडून राहणं. अंगावर घोंगडी, कारण थंडी वाजली तर ऊब देणारी चरबी साखर ओढते आणि चित्र बिघडतं. चालायचं नाही, चघळायचं नाही, बोलायचं नाही. मुख्य म्हणजे बोलायचं नाही. नर्सनं तीनदा बजावलं. वहिनींनी चौथ्यांदा.

दोन दिवसांनी डॉक्टरांनी पडद्यावर चित्र लावलं. मेंदू नेहमीप्रमाणे पेटलेला, मूत्राशय चमकणारं. मानेच्या डाव्या बाजूला काही नाही. पण गळ्याच्या मध्यावर दोन लहान, झळझळीत ठिपके. वहिनींनी माझं मनगट घट्ट धरलं. मीही बघितलं आणि जिथे मला शास्त्र आठवायला हवं होतं, तिथे फक्त रामरक्षा आठवली.

डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले, "काका, इंजेक्शननंतर बोलत होता का?"

"छे! एक शब्द नाही."

डॉक्टर थांबले. आम्ही थांबलो.

"म्हणजे तसं... शेजारच्या खाटेवर इंदापूरचे एक गृहस्थ होते. त्यांनी उसाचा विषय काढला."

"किती वेळ?"

"एफआरपीपर्यंत आलो होतो."

स्वरयंत्राचे स्नायू. दोन्ही बाजूंना सारखे, बोलून बोलून दमलेले, साखर ओढणारे. हेक्झोकायनेजला गाठ कळत नाही, गप्पाही कळत नाहीत; काम करणारी पेशी तेवढी कळते. बाकी स्कॅन साफ होता. वहिनींनी माझं मनगट सोडलं आणि डॉक्टरांना विचारलं, "याच्यावर काही औषध?" डॉक्टर हसले.

येताना रिक्षा अमृततुल्यपाशी थांबवली. पितळी पातेल्यात चहा उकळत होता, आल्या-वेलचीचा वास फुटपाथपर्यंत आलेला. दादानं कप घेतला, पहिला घोट घेतला आणि चहावाल्याला लगेच सांगायला लागला, "तुला सांगतो, हे शास्त्र आहे हं, आमची बहीण प्राध्यापक आहे. माणूस बोलतो ना, बोलायलासुद्धा साखर लागते."

"हो का?" वहिनी म्हणाल्या. "मग यांना उद्यापासून बिनसाखरेचाच देत जा."